सासूबाईंचा रिपोर्ट आणि भाऊजींचा गोठा

‘ताई, सप्रेम नमस्कार. माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. वर्षभरात त्यांना चार वेळा लघवीचा जंतुसंसर्ग झाला. दर वेळी गोळ्या, थोडे दिवस बरं, की पुन्हा जळजळ. या खेपेला डॉक्टरांनी कल्चर करायला लावलं. रिपोर्टात अकरा औषधांची नावं आहेत आणि त्यातल्या सातांपुढे ‘आर’ लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, जंतू औषधांना दाद देत नाहीत. आमचा घरचाच गायींचा गोठा आहे, तो धाकटे दीर बघतात. जरा सड सुजला की ते स्वतःच ट्यूब सोडतात, इंजेक्शन टोचतात. औषध चालू असलेल्या गायीचं दूध वासरांना पाजतात. मी रागाच्या भरात बोलून गेले, “भाऊजी, तुमच्या या औषधांमुळेच आईंना हे झालं.” तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं, औषध गायीला दिलं, ते आईला कसं बाधेल? आमचे हे म्हणतात, साऱ्या जगाने करून ठेवलंय, आपल्या एका घराने काय होणार. माझं चुकलं का? आणि आता करायचं काय?’

तुमचं अर्धं चुकलं. भाऊजींचंही अर्धंच बरोबर आहे. आणि तुमच्या यजमानांचं म्हणणं मला मुळीच पटलेलं नाही. पण ते सगळं नंतर, आधी सासूबाई.

मी नोकरीची सगळी वर्षं मायक्रोबायॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे तुमच्या हातातला रिपोर्ट ज्या बशीतून निघाला ती मला दिसते आहे. तळहाताएवढी काचेची किंवा प्लॅस्टिकची बशी, तिच्यात फिकट पिवळसर, घट्ट बसलेला आगर, म्हणजे जंतू वाढवायचा जेलीसारखा थर. लघवीतून वेगळे काढलेले जंतू त्यावर कापसाच्या काडीने सारवल्यासारखे पसरायचे. वर पंचिंग मशीनमधून पडतात तशा पांढऱ्या कागदी टिकल्या मांडायच्या, एकेका टिकलीत एकेक औषध. रात्रभर ३५ अंशांच्या उबेत ठेवून द्यायचं. सकाळी बशी उजेडाला धरली की जंतूंची दुधी साय धरलेली दिसते आणि ज्या टिकलीतलं औषध चाललं तिच्याभोवती स्वच्छ, पारदर्शक गोल. पट्टी लावून तो गोल मिलिमीटरमध्ये मोजायचा. पुरेसा मोठा असेल तर ‘एस’, म्हणजे जंतू औषधाला दाद देतो. लहान असेल, किंवा साय टिकलीला खेटूनच वाढली असेल, तर ‘आर’. आता बऱ्याच ठिकाणी हे काम यंत्र करतं, पण मर्म तेच. मी नोकरीला लागले तेव्हा बशीभर गोलच गोल असायचे. निवृत्त व्हायच्या सुमारास टिकल्या सायीत बुडालेल्या दिसू लागल्या होत्या.

हे एवढं सांगितलं, कारण ‘आर’चा अर्थ बरेच जण उलटा घेतात. ‘आईंच्या शरीराला औषधांची सवय झाली’ असं घरात कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. सवय जंतूंना झाली आहे, शरीराला नाही. पुढच्या वेळी वेगळाच जंतू आला तर त्याला साधं औषधही लागू पडेल. म्हणून हा रिपोर्ट फाइलीत जपून ठेवा, डॉक्टरांना दाखवा, पण त्यावरून आपल्या मनाने पुढच्या खेपेचं औषध ठरवू नका.

आणि ज्या चारांपुढे ‘एस’ आहे त्यातलं सगळ्यात ‘जोरदार’ औषध मागू नका. उलट विचारा, की यातलं सगळ्यात साधं कुठलं चालेल? जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकांचे तीन गट पाडले: शक्यतो आधी वापरायची, जपून वापरायची आणि अगदी राखून ठेवायची. मूत्राशयापुरत्या संसर्गाला पहिल्या गटातलं नायट्रोफ्युरँटोइन अजूनही बऱ्याचदा चालतं. सत्तर वर्षांहून जुनं औषध आहे, लघवीत उतरतं आणि तिथेच काम करतं. मूत्रपिंडं थकलेली असतील तर ते चालत नाही, म्हणून निर्णय डॉक्टरांचाच. पण विचारायला तर काही हरकत नाही?

आता त्याहून महत्त्वाचं. त्या चार वेळांपैकी प्रत्येक वेळी सासूबाईंना खरोखर त्रास होत होता, की एखाद्या वेळी नुसता रिपोर्ट खराब आला म्हणून गोळ्या सुरू झाल्या? वय झालेल्या पुष्कळ बायकांच्या लघवीत जंतू असतात आणि ते काही करत नाहीत. जळजळ नाही, वारंवार जावं लागत नाही, ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही, तर केवळ जंतू सापडले म्हणून औषध देऊ नये, असं आजचं वैद्यकशास्त्र सांगतं. गरोदर बाई किंवा मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हायची असलेला रुग्ण, असे मोजके अपवाद सोडले तर. लघवी गढूळ दिसते, वास येतो, एवढ्यावरून तपासणीच्या मागे लागणंही बरं नाही. दर विनाकारण कोर्समध्ये आतड्यातले गरीब बिचारे जंतू मरतात आणि जागा कुणाला मिळते, तर औषधाला न जुमानणाऱ्यांना. आणि मूत्राशयात पुढचा संसर्ग बहुतेक वेळा त्याच आतड्यातून येतो.

त्रास खराच होत असेल तर तो पुन्हा होऊ नये यासाठी औषधापलीकडे बरंच करता येतं. भरपूर पाणी, लघवी तुंबवून न ठेवणं, घाई न करता मूत्राशय पुरतं रिकामं करणं, बद्धकोष्ठ असेल तर त्यावर इलाज, मधुमेह असेल तर साखर आटोक्यात. पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा कोरडी, पातळ होते. त्यासाठी इस्ट्रोजेनचं मलम असतं, त्याने वारंवार होणारे संसर्ग कमी होतात. हे फार थोड्या बायकांना कुणी सांगतं, कारण विषय काढायला सगळ्यांनाच संकोच वाटतो. तुम्ही सून म्हणून काढा. मात्र थंडी वाजून ताप आला, पाठीत बरगडीखाली दुखू लागलं, उलट्या झाल्या किंवा त्या अचानक असंबद्ध बोलू लागल्या, तर हा सगळा सल्ला बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.

कोर्स किती दिवसांचा, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो असतोच. डॉक्टरांनी सांगितलं तेवढे दिवस घ्या, बरं वाटलं म्हणून मनाने थांबवू नका. पण ‘जास्त दिवस म्हणजे जास्त चांगलं’ हेही आता जुनं झालं. साध्या संसर्गांत थोड्या दिवसांचा कोर्स पुरतो असं एकेका आजाराबाबत दिसून येतंय. क्षयाची गोष्ट वेगळी, तिथे महिनोन्महिने औषध आणि एकही दिवस चुकवायचा नाही. आणि उरलेल्या गोळ्या ड्रॉवरमध्ये साठवू नका. मी स्वतः, प्रयोगशाळेत काम करत असताना, सर्दीवर ड्रॉवरमधल्या तीन उरल्यासुरल्या कॅप्सूल घेतल्या आहेत. सर्दी विषाणूची, औषध जीवाणूंचं. रोग रेड्याला, औषध पखालीला! शहाण्यांच्याही घरात हे चालतं, एवढंच.

आता तुमच्या भांडणाकडे येऊ.

तुमच्या बाजूचा पुरावा आधी. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या स्टुअर्ट लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शेतावरच्या कोंबड्यांना टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक मिसळलेलं खाद्य दिलं. आठवड्याच्या आसपास कोंबड्यांच्या आतड्यांत त्या औषधाला न जुमानणारे जंतू माजले. पाच-सहा महिन्यांत ते शेतावर राहणाऱ्या माणसांच्याही विष्ठेत मोठ्या संख्येने सापडू लागले. त्या माणसांनी टेट्रासायक्लिन घेतलंच नव्हतं. म्हणजे औषध कोंबडीला दिलं, जंतू माणसाकडे आले. ‘गायीचं औषध आईला कसं बाधेल’ याचं हे उत्तर. औषध जावं लागत नाही, जंतू जातात.

कधी कधी तर जंतूही जावा लागत नाही. जंतूंच्या पोटात त्यांच्या मुख्य जनुकांखेरीज डीएनएची छोटी छोटी कडी असतात, त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. औषध कसं निकामी करायचं याची कृती अनेकदा अशा कड्यावर असते आणि एक जंतू शेजारच्या जंतूला त्या कड्याची नक्कल देऊन टाकतो. शेजारी आपल्या जातीचा असायलाच हवा असंही नाही. एकाच कड्यावर चार-पाच औषधांच्या कृती असू शकतात. म्हणून एका औषधाचा मारा केला की बाकीच्यांवरचा प्रतिकारही फुकटात वाढतो. सासूबाईंच्या रिपोर्टात सात ‘आर’ आले म्हणजे सातही औषधं त्यांना कधी दिली असतील, असं नाही.

आता भाऊजींच्या बाजूचा. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये अशा हट्टी ई. कोलाय जंतूंची (आतड्यात राहणारा, लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणारा जंतू) मोठी तुलना झाली, २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. रुग्णांच्या रक्तातले, सांडपाण्यातले, मांसातले, गोठ्यातले जंतू शेजारी ठेवून पाहिले, तर माणसांत आजार करणारे प्रकार मुख्यतः माणसांतच फिरणारे निघाले. जनावरांतले बहुतेक वेगळे होते. संशोधकांनी बोट दाखवलं ते संडासाहून आल्यावर हात न धुण्याकडे. तेव्हा सासूबाईंच्या मूत्राशयातला जंतू गोठ्यातून आला की दवाखान्यातून, पाण्यातून, की घरातल्याच कुणाच्या हातून, हे तुम्हाला सांगता येणार नाही, मलाही नाही. दोन्हीकडच्या जंतूंचे जनुक वाचून पाहिल्याशिवाय भाऊजींना गुन्हेगार ठरवणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं. एवढ्यापुरती त्यांची माफी मागा. मोकळेपणाने मागा, ‘पण’ न जोडता.

मग गोठ्यात जे चाललंय ते चालू द्यायचं का? नाही. आणि त्याचं पहिलं कारण सासूबाई नाहीत, गायी आहेत. त्यांच्या सडातले जंतूही एक दिवस ट्यूबला दाद देईनासे होतील.

दगडी झाली, म्हणजे कासेला सूज आली, सड सुजला, की लगेच सडात औषधाची ट्यूब, हा हिशोब सरळ वाटतो. पण दुधात थोड्या गाठी आल्या आहेत, सड किंचित गरम आहे, गाय मात्र चरते आहे, ताप नाही, अशा सौम्य कासदाहात पुष्कळदा अँटिबायोटिकची गरजच नसते. कारण ई. कोलाय असेल तर आपल्याला गाठी दिसेपर्यंत गायीच्या शरीराने जंतूंचा बराचसा निकाल लावलेला असतो. अशा वेळी दुधाचा नमुना तपासायला द्यायचा, पशुवैद्यांना विचारून एखादा दिवस थांबायचं, सड वरचेवर पिळून मोकळा ठेवायचा आणि नमुन्यात काय निघतं त्यावरून ट्यूब ठरवायची. गाय खात नसेल, अंग तापलं असेल, कास दगडासारखी झाली असेल, तर थांबायचं नाही, पशुवैद्यांना तातडीने बोलवायचं. गाय आटवताना, म्हणजे विण्याआधी तिचं दूध बंद करताना, चारही सडांत सरसकट ट्यूब सोडायची पद्धतही आता मागे पडते आहे. युरोपीय संघाने २०२२ पासून अशा नेमाच्या, आजार नसतानाच्या वापराला मनाई केली. ज्या सडात संसर्ग आहे त्यातच औषध, बाकीच्यांना नुसतं सडाचं तोंड बंद करणारं सीलंट.

एक प्रयोग दोघांनी मिळून करा. गोठ्यातल्या ट्यूबांची, बाटल्यांची नावं आणि सासूबाईंच्या रिपोर्टातली नावं एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. ‘सेफ’ने सुरू होणारी, ‘सिलिन’ने, ‘सायक्लिन’ने संपणारी नावं दोन्हीकडे सापडतील. गायीचं औषध आणि माणसाचं औषध अशी दोन वेगळी कपाटं फारशी नाहीतच, कुळं तीच आहेत. त्यातली सेफ्टिओफर, सेफक्विनोम ही माणसांच्या नव्या, जपून वापरायच्या सेफालोस्पोरिन कुळातल्या अँटिबायोटिकांची सख्खी भावंडं. ती गोठ्यात असतील तर आधी त्यांच्याबद्दल पशुवैद्यांशी बोला.

वासरांच्या दुधाचं तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंत, मला ते सगळ्यांत खटकलं. औषध चालू असताना आणि त्यानंतर लेबलवर लिहिलेले दिवस दूध बाहेर द्यायचं नाही, हे भाऊजी पाळतात असं दिसतं. ते त्यांच्या बाजूने मांडा. पण ते दूध वासराला पाजणं म्हणजे वासराच्या कोवळ्या आतड्यात रोज औषधाचा अर्धामुर्धा डोस. जंतूंना शिकवायला याहून सोयीची शाळा नाही, मरतील एवढं औषध नाही, तरतील त्यांची निवड मात्र होते. असं दूध प्यायलेल्या वासरांच्या शेणात न जुमानणारे जंतू वाढतात, हे युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये पुरावे तपासून नोंदवलं. दूध तापवलं तर जंतू मरतील, औषधाचे अंश बरेचसे तसेच राहतील. टाकून द्यायचं जिवावर येतं, कळतं मला. म्हणूनच मुळात ट्यूबा कमी लागल्या पाहिजेत.

आणि त्या कमी कशा लागतील हे भाऊजींना माझ्यापेक्षा जास्त कळेल. बसायची जागा कोरडी, धार काढण्याआधी हात आणि सड स्वच्छ, आजारी गायीची धार सगळ्यांत शेवटी, धार झाल्यावर सड जंतुनाशकात बुडवणं. धार काढली की सडाचं तोंड लगेच मिटत नाही, म्हणून पुढ्यात चारा टाकून तिला अर्धा तास उभी ठेवायची. यात नवं काही नाही, नेमाने करणं तेवढं अवघड. नॉर्वेतल्या सामन माशांच्या शेतीची गोष्ट त्यांना सांगा. १९८७ च्या सुमारास तिथे वर्षाला ५० टनांच्या घरात अँटिबायोटिकं लागत. मग माशांसाठी लसी आल्या, मत्स्यशेतांच्या जागा आलटून-पालटून रिकाम्या ठेवू लागले. मासळीचं उत्पादन कितीतरी पटींनी वाढलं आणि औषध वर्षाला एक टनाच्याही खाली आलं. कुणी कुणाला औषधावरून टाकून बोललं म्हणून ते झालेलं नाही. आजारच कमी झाले.

तिसरी जागा तुमच्या पत्रात नव्हती: गोठ्यातून आणि न्हाणीघरातून बाहेर पडणारं पाणी, आणि शेण. बऱ्याच अँटिबायोटिकांचा मोठा भाग शरीरातून न बदलता लघवी-शेणातून बाहेर पडतो. माती तर या लढाईचं जुनं रणांगण, मातीतले जंतू आणि बुरश्या एकमेकांविरुद्ध अशीच रसायनं वापरत आल्या आहेत. कॅनडातल्या युकॉनमध्ये ३०,००० वर्षं गोठून राहिलेल्या मातीतही औषध निकामी करणारे जनुक सापडले, २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आपण त्या रणांगणावर बाहेरून दारूगोळा ओततो आहोत. २००७ मध्ये हैदराबादजवळच्या पाटणचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात एका लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मिळालं होतं. ते औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढं नसतं. ते काम सरकारांचं आणि कारखान्यांचं. तुमच्याकडचं काम लहान आहे. शेण ओलं तसंच शेतात न पसरता ढीग रचून, वरखाली करत, आतून ५५ अंशांच्या वर काही दिवस तापू द्या. जंतू बरेच मरतात, सगळे जनुक जात नाहीत हे खरं. गोठ्याचं पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नका. उरलेली औषधं, रिकाम्या ट्यूबा संडासात किंवा गटारात टाकू नका, औषधं परत घेण्याची सोय असेल तिथे द्या. गोठ्यातली चप्पल गोठ्यातच.

तुमचे यजमान म्हणतात, एका घराने काय होणार. त्यांना चीनचं सांगा. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी वापरायचं औषध तिथे डुकरांना वजन वाढावं म्हणून खाद्यातून दिलं जाई. २०१५ मध्ये त्याला निकामी करणारा, प्लाझ्मिडच्या कड्यावरून इकडेतिकडे जाणारा जनुक तिथेच सापडला. २०१७ मध्ये तो वापर बंद केला. दोन-तीन वर्षांत डुकरांतलं प्रमाण घसरलं आणि निरोगी माणसांच्या आतड्यांतलंही निम्म्याच्या खाली आलं. तो देशाचा निर्णय होता, घराचा नाही, असं ते म्हणतील, आणि तेही खरंच. पण एका छपराखाली राहणारी माणसं आतड्यातले जंतू एकमेकांना देत-घेत असतात. तुमच्या घरात तर रुग्ण, जनावरं आणि सांडपाणी तिन्ही एकाच अंगणात आहेत. २०२१ मध्ये जगात सुमारे ११.४ लाख माणसं थेट औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे गेली. त्या आकड्याला तुमचं घर पुरं पडणार नाही. सासूबाईंच्या पुढच्या रिपोर्टाला पडू शकतं.

राहता राहिलं भाऊजींचं मौन. माफी मागून झाली की त्यांना उपदेश करू नका, एक काम सांगा. पुढच्या वेळी सड सुजला की दुधाचा नमुना पाठवायचा आहे, तो तुम्ही दोघांनी मिळून घ्या. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, पहिल्या दोन-तीन धारा बाहेर सोडायच्या, मग बाटली तिरकी धरून पुढची धार आत घ्यायची आणि थंड ठेवून लवकर पोचवायची. सासूबाईंच्या नमुन्याचाही नियम हाच आहे: जागा स्वच्छ करायची, सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली बाटलीत घ्यायची आणि दोन तासांत प्रयोगशाळेत. पहिलीच धार बाटलीत आली तर बाहेरचे जंतू आत येतात आणि नको ते औषध सुरू होतं. सासूबाईंच्या आधीच्या नमुन्यांत असं काही झालं होतं का, हे त्यांना एकदा विचारून बघा.